पावसाळ्यात बिघडलेली खताची बादली आणि इतर प्रश्न

या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी एकाच तक्रारीची आहेत. उन्हाळाभर नीट चाललेलं घरचं खत आषाढ लागताच बिघडलं, वास यायला लागला, अळ्या झाल्या, शेजारी बोलायला लागले. म्हणून निम्म्याहून जास्त जागा ओल्या कचऱ्याला दिली आहे. सुक्या कचऱ्याचे थोडे प्रश्न शेवटाकडे घेतले आहेत.

प्रश्न : रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादलीत आम्ही फेब्रुवारीपासून ओला कचरा टाकतो. मेपर्यंत काहीच त्रास नव्हता. आता तळाशी काळं पाणी साठतंय, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि वळवळणाऱ्या अळ्या झाकणापर्यंत चढतात. शेजारच्या काकूंनी तर सोसायटीकडे तक्रारच केली आहे. बादली बंद करायची का? (डोंबिवली)

बंद करू नका. ही बादली एका दुपारी दुरुस्त होते.

आधी कारण बघू. कचऱ्याचं खत करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. कचरा गच्च ओला झाला की कणांमधली जागा पाण्याने भरते, हवा संपते आणि हवेवाचून जगणारे जिवाणू ताबा घेतात. सडक्या अंड्याचा वास त्यांचाच. उन्हाळ्यात बादलीच्या कडांमधून बरीच वाफ उडून जात होती, म्हणून सुका माल कमी पडला तरी निभावलं. पावसाळ्यात हवाच दमट, त्यामुळे भाजीतलं पाणी बादलीतच राहतं. भाजीपाल्याच्या कचऱ्यात वजनाने तीन चतुर्थांशांहून जास्त पाणीच असतं, हे लक्षात घेतलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरा आणि बादली त्यावर पालथी करा. हातमोजे घाला. काळं पाणी वेगळं काढा. ते एकास वीस पाणी मिसळून मोठ्या झाडाच्या बुंध्यापासून थोडं लांब ओतता येतं. तुळस, कोथिंबीर, मेथी अशा कोवळ्या झाडांना देऊ नका. उरलेल्या लगद्यात त्याच्याच मापाचा चुरलेला सुका पाला मिसळा. पाला नसेल तर लगद्याच्या निम्म्या मापाचं कोरडं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुगा) चालेल. गोळे हाताने फोडा. मग एक मूठ घेऊन जोरात दाबा. बोटांमधून एखाददुसरा थेंब दिसला तर ओलावा बरोबर आहे. धार लागली तर आणखी सुकं घाला. मूठ उघडताच सगळं भुरभुर सांडलं तर थोडं पाणी शिंपडा, पण जुलैत ती वेळ येणार नाही.

बादलीला भोकं आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा नसावीत किंवा फक्त झाकणाला असावीत. बाजूंना वरपासून खालपर्यंत साधारण सात-आठ सेंटिमीटर अंतरावर, आठ ते दहा मिलिमीटर व्यासाची भोकं ड्रिलने पाडा. तळाला पाच-सहा पुरेत. आतून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा लावला की माश्या आत शिरत नाहीत. बादली दोन विटांवर ठेवा, खाली ताट ठेवा. तळाला सात-आठ सेंटिमीटरचा थर नारळाच्या सोडणाचा किंवा सुक्या काटक्यांचा द्या, म्हणजे पाणी निथळेल आणि खालूनही हवा येईल. झाकण गच्च लावायचं नाही. तोंडाला जुनी सुती साडी किंवा टॉवेल बांधा आणि पावसाचे शिंतोडे येत असतील तर वर झाकण तिरकं ठेवा.

मग रोजचा क्रम. भाजीचे देठ, साली, चहाचा चोथा हे सगळं रात्रभर चाळणीत निथळत ठेवा. पावसाळ्यात एवढ्याने निम्मं काम होतं. चोथ्यातलं दूध-साखर आधी धुऊन टाका. मोठ्या साली दोन-तीन सेंटिमीटरच्या करा. कलिंगडाची साल आणि फ्लॉवरचा दांडा अख्खा टाकला तर महिना उलटला तरी तसाच सापडतो. एक वाटी ओल्या कचऱ्याला दीड वाटी चुरलेला पाला असं माप धरा. सर्वांत वर दोन-तीन सेंटिमीटरचा सुका थर कायम हवा, ओला कचरा कधी उघडा दिसता कामा नये. दर तीन-चार दिवसांनी खालचं वर, वरचं खाली करा. उरलेला भात, पोळी थोडी चालते, पण कुस्करून आणि पसरून टाका. भाताचा गोळा तसाच पडला की आंबतो. आमटी, ताक, रश्शाचं पाणी बादलीत ओतू नका. लोणचं आणि खारे पापडही नकोत, त्यातलं मीठ खतात साठत जातं.

अळ्यांबद्दल. दीड-दोन सेंटिमीटर लांब, चपट्या, मळकट पांढऱ्या आणि पुढे तपकिरी होत जाणाऱ्या अळ्या असतील तर त्या काळ्या सैनिक माशीच्या आहेत. घरमाशीसारखी ती अन्नावर बसत नाही आणि रोग पसरवत नाही. अळ्या कचरा झपाट्याने खातात, म्हणजे तुमचंच काम करतात. कोशात जायची वेळ झाली की त्या कोरडी जागा शोधत वर चढतात, शेजाऱ्यांना दिसतात त्या याच. वरचा सुका थर वाढवा, ओलावा कमी करा, संख्या आपोआप घटेल. रॉकेल, फिनेल, कीटकनाशक मारू नका. अळ्यांबरोबर खत करणारे जिवाणूही मरतात आणि ते खत झाडाला घालण्याच्या लायकीचं राहत नाही. अळ्या बारीक, एका टोकाला निमुळत्या आणि पांढऱ्याशुभ्र असतील तर त्या घरमाशीच्या. याचा अर्थ एवढाच की कचरा उघडा राहिला. वर घोंघावणारी चिलटं फळांच्या सालींमुळे येतात. साली पाल्याखाली दडपल्या की जातात.

वास घालवण्यासाठी चुना टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. चुन्याने खतातला नत्र (नायट्रोजन) अमोनियाच्या रूपाने उडून जातो, म्हणजे वास वाढतो आणि खत हलकं होतं. लघवीसारखा उग्र वास येत असेल तर नत्र आधीच जास्त झाला आहे, त्यावर उपाय पुन्हा सुका पाला हाच.

चौघांच्या घरात रोज अर्धा ते पाऊण किलो ओला कचरा निघतो. तो बसत जातो, त्यामुळे २० लिटरची बादली तीन-चार आठवडे पुरते. भरली की बाजूला ठेवून दुसरी सुरू करा आणि पहिली आठवड्यातून एकदा हलवत राहा. उन्हाळ्यात ४५ ते ६० दिवसांत खत तयार होतं, पावसाळ्यात ७५-८० दिवस धरा. म्हणून एका घराला तीन बादल्या हव्यात, पावसाळ्यात चौथी हाताशी असावी.

प्रश्न : सुका पाला घाला असं सगळे सांगतात. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पावसाळ्यात सुका पाला आणायचा कुठून? (नाशिक)

पावसाळ्यात मिळत नाही, हे अगदी खरं. तो आधी साठवावा लागतो. कोकणात पावसाआधी आगोटीची बेगमी करतात, सुकी मासळी, लाकडं, कडधान्यं भरून ठेवतात, त्यातच पाल्याची पोती धरायला हवीत. माघ ते चैत्र, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल, रस्त्याकडेची झाडं पानं गाळतात आणि झाडलोट करणारे ढीग लावतात. बरेचदा ते ढीग पेटवले जातात. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी कचरा सार्वजनिक जागी जाळायला मनाई केली, तरीही. मागितलात तर पाला आनंदाने देतात.

किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. रोज साधारण दीड लिटर मापाचा ओला कचरा, त्याला दोन-सव्वादोन लिटर चुरलेला पाला. जून ते सप्टेंबरचे १२० दिवस धरले तर अडीचशे-पावणेतीनशे लिटर. धान्याची मोठी तीन पोती चुरा दाबून भरली की झालं. पाला पूर्ण वाळलेला असताना पोत्यात भरून पायाने तुडवा, चुरा होतो आणि जागा निम्मी लागते. पोती जमिनीला टेकवू नका, फळीवर ठेवा. वर्षावृक्षाची आणि गुलमोहराची बारीक पानं लवकर कुजतात, चुरावीही लागत नाहीत. पिंपळ, बदाम चांगले. आंबा, फणस, वड यांची पानं जाड आणि चिवट, ती चुरल्याशिवाय घालू नका. निलगिरी आणि सुरू टाळा.

आज पाला नसेल तर कोकोपीट घ्या. पाच किलोची वीट फुलून साठ-सत्तर लिटर होते, मात्र इथे बहुतेकांचं चुकतं: पाकिटावर लिहिलेलं वाचून वीट पाण्यात भिजवतात आणि ओलं कोकोपीट बादलीत घालतात. ते पाणी शोषणार कसं? हातोडीने तुकडे करा, कोरडंच किसा किंवा चुरा. भिजवलंच असेल तर पंख्याखाली पसरून वाळवा. वर्तमानपत्राच्या पट्ट्या, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, साधी खोकी फाडून चालतात. चकचकीत छपाईचा कागद नको, चिकटपट्टी काढून घ्या. सुताराकडचा भुसा फक्त साध्या लाकडाचा घ्या. प्लायवूड आणि एमडीएफच्या भुशात डिंकाची रसायनं असतात. शिवाय लाकडाच्या भुशात कर्ब (कार्बन) फार: भाजीच्या कचऱ्यात नत्राच्या एका भागाला कर्ब पंधरा-वीस भाग, सुक्या पानांत चाळीस ते ऐंशी, लाकडात तीनशेच्याही वर. मिश्रण २५ ते ३० वर यायला हवं. नुसता भुसा वापरला तर वास येणार नाही, पण चार महिन्यांनीही खत होणार नाही. ओल्याच्या पाव मापापेक्षा जास्त भुसा घालू नका.

प्रश्न : खत काळंभोर दिसतं, चाळलंही नीट. पण ते घातल्यावर मिरचीची रोपं पिवळी पडून माना टाकतात. काय चुकतंय? (छत्रपती संभाजीनगर)

खत अर्धकच्चं आहे. काळा रंग म्हणजे तयार खत नव्हे; हवेशिवाय सडलेला कचराही काळाच होतो. कच्चं खत मातीत जाऊन कुजत राहतं, मुळांजवळचा प्राणवायू आणि नत्र खातं आणि रोप उपाशी राहतं.

दोन चाचण्या घरच्या घरी होतात. मूठभर ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर तयार, आंबूस किंवा सडका आला तर नाही. दुसरी चाचणी मेथीची. एका वाटीत नुसती माती, दुसरीत निम्मी माती आणि निम्मं खत घ्या. दोन्हींत वीस-वीस दाणे पेरा. पाच-सहा दिवसांत दोन्ही वाट्या सारख्याच दिसल्या पाहिजेत. खताच्या वाटीत दाणे कमी उगवले किंवा पानांच्या कडा करपल्या तर ते खत आणखी महिनाभर मुरू द्या: ओलसर ठेवून, पोत्याने झाकून, आठवड्याला एकदा हलवून.

तयार खतही नुसतं वापरायचं नसतं. नवी कुंडी भरताना दोन भाग माती, एक भाग खत, एक भाग कोकोपीट किंवा कुजलेला पाला. बारा इंची कुंडीला नंतर महिन्याला दोन मुठी पुरतात, तेही माती उकरून मिसळायचं, वर ढीग करून ठेवायचं नाही. चाळणीवर राहिलेले जाड तुकडे फेकू नका. पुढच्या बादलीत तेच विरजण म्हणून घाला, विकतच्या कल्चरची (जिवाणूंच्या तयार विरजणाची) गरज पडत नाही. अंड्याची टरफलं मिक्सरमधून पूड करूनच टाका, नाहीतर वर्षभराने खतात तशीच दिसतील.

टोमॅटो, भोपळा, पपई कुंडीत आपोआप उगवतात, असंही याच पत्रात विचारलं आहे. बादली लहान असल्याने ती आतून बी मरण्याइतकी तापत नाही. हा दोष नाही. नको ती रोपं उपटून परत बादलीत टाका.

प्रश्न : आमच्याकडे आठवड्यातून चारदा मासळी असते. खवलं, डोकी, कोळंबीची सालं, कुर्ल्यांची कवचं यांचं काय करायचं? परड्यात माड आहेत. (मालवण)

परडं आणि माड असताना प्रश्नच उरत नाही, फक्त खोली आणि अंतर पाळा. माडाची अन्न घेणारी बरीच मुळं बुंध्यापासून दीड-दोन मीटरच्या घेरात असतात. म्हणून अगदी बुंध्याला न पुरता दीड मीटरवर ४५ सेंटिमीटर खोल खड्डा घ्या. तळाला सुका पाला, त्यावर मासळीचा कचरा, पुन्हा पाला आणि वर किमान ३० सेंटिमीटर माती. वर जड चिरा ठेवा, नाहीतर कुत्री आणि मुंगूस रात्रीतून उकरतात. दर वेळी घेरावर पुढे सरकत जा, त्याच जागी तीन-चार महिने पुन्हा खणू नका. विहिरीपासून किमान १५ मीटर लांब राहा. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात पाणी इतकं वर येतं की खड्डा खणतानाच भरतो. तेव्हा परड्यातली उंचवट्याची जागा निवडा आणि पाला दुप्पट घ्या.

कोळंबीची सालं कुजतात, वेळ लागतो. कुर्ल्यांची कवचं वाळवून कुटून टाका. तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) आणि कालवं यांचे शिंपले कुजत नाहीत, ते वेगळे काढा. कुंडीच्या तळाशी निचऱ्याला छान. नारळाची करवंटीही खतात घालू नका, ती चुलीची. सोडणं मात्र माडाच्या आळ्यात पालथी मांडा, उन्हाळ्यात ओल टिकते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी मासळी-मटणाचा कचरा गॅलरीतल्या बादलीत घालू नये. कागदात गुंडाळून डब्यात बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि घंटागाडी येईल त्या सकाळी ओल्या कचऱ्यात द्या. दोन दिवसांचा वास वाचतो आणि गाडीवरच्या माणसाचाही त्रास.

प्रश्न : साठ घरांची आमची सोसायटी आहे. २४ तासांत खत करणारं यंत्र घ्यावं असा प्रस्ताव आहे. काही सभासद साध्या हौदांच्या बाजूचे आहेत. काय घ्यावं? (पुणे)

हौद घ्या. कारण सविस्तर सांगतो, कारण इथे सोसायट्यांचे लाखो रुपये अडकतात.

२४ तासांत खत होत नाही. ही यंत्रं कचरा दळतात आणि तापवून वाळवतात. पाणी उडाल्यामुळे शंभर किलोचे वीस किलो होतात आणि तपकिरी भुकटी हाती येते. ती वाळलेल्या भाजीची भुकटी असते. कुंडीत घालून पाणी दिलं की तिला बुरशी येते, वास सुटतो, झाड जळतं. विक्रेत्याला सांगा, भुकटी ओली करून पिशवीत तीन दिवस बांधून दाखवा. प्रात्यक्षिकात ही गोष्ट कुणी करत नाही. यंत्र आधीच घेतलं असेल तर ते दळायला आणि वाळवायला वापरा, आणि भुकटी ओलसर करून पाल्याबरोबर चार-पाच आठवडे हौदात मुरवा. म्हणजे हौद तेव्हाही लागतातच, वीज बिल मात्र दरमहा येत राहतं.

साठ घरांचा ओला कचरा रोज ३० ते ४० किलो, मापाने ७०-८० लिटर. तेवढाच पाला धरला तर रोज दीडशे लिटर. १.२ मीटर लांब, रुंद आणि उंच असा हौद कचरा बसत गेल्याने सुमारे तीन आठवडे पुरतो. असे चार बांधा. चौथा भरेपर्यंत पहिल्याला नऊ आठवडे झालेले असतात आणि तो रिकामा करता येतो. विटांचं काम जाळीदार करा: एकाआड एक थरात विटांमध्ये चार बोटं फट सोडा. पुढची बाजू फळ्या सरकवून बंद होणारी ठेवा, नाहीतर कामगाराला आत उतरून माल काढावा लागतो. फरशीला मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार आणि एका कडेला पन्हळ. वर पत्रा हवाच, आणि तो हौदाच्या बाहेर दोन फूट तरी यायला हवा. पुण्याचा पाऊस तिरका येतो.

ढीग नीट जमला तर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांवर जातं. लांब दांड्याचा थर्मामीटर नसेल तर लोखंडी सळई मध्यभागी पाच मिनिटं खुपसून ठेवा. बाहेर काढल्यावर हातात धरवत नसेल तर ढीग चालू आहे. तापत नसेल तर आधी ओलावा पाहा, मग पाल्याचं प्रमाण, मग आकार. मीटरभराहून लहान ढीग उष्णता धरूच शकत नाही. सत्तरच्या वर गेला तर लगेच उलटा, कारण त्या उष्णतेत उपयोगी जिवाणूही मरतात. एरवी आठवड्याला एकदा उलटणं पुरे.

पण सोसायटीचं खत हौदात बिघडत नाही, जिन्यात बिघडतं. एका घरातून आलेला एक डायपर दिवसभराचा माल वाया घालवतो. पहिले दोन महिने रोज सकाळी एक सभासद बादल्यांजवळ उभा राहिला पाहिजे आणि मिश्र बादली जागेवरून परत गेली पाहिजे. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, त्यावर लाल ठिपका काढून वेगळे द्या. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने ही लाल ठिपक्याची मोहीम चालवली, त्यामागे साधी मागणी होती: आत काय आहे ते पुडकं न उघडता कळावं. काम करणाऱ्याला हातमोजे, बूट, मास्क आणि रोजच्या तास-दीड तासाचा वेगळा पगार द्या. सफाईवाल्याच्या जुन्या पगारात हे काम घुसवलं की प्रकल्प सहा महिन्यांत बंद पडतो, आणि दोष खताला दिला जातो.

महिन्याला दीडशे-दोनशे किलो खत निघेल. कायद्याचं म्हणाल तर पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असं २०१६ च्या नियमांत होतं. पुणे महापालिका चालू खतप्रकल्पासाठी मिळकतकरात सवलतही देते. प्रकल्प खरोखर चालू आहे का, याची पाहणी होते, तेव्हा रोजच्या वजनाची वही ठेवा.

प्रश्न : लिंबू-संत्र्याच्या सालींचं बायोएन्झाइम करून त्याने फरशी पुसायला लागलो. दोन महिन्यांत शहाबादी फरशीची चमक गेली. (ठाणे)

चमक जाणारच. शहाबादी, कडप्पा, कोटा, संगमरवर हे सगळे चुन्याचे दगड, आणि बायोएन्झाइम म्हणजे साली गूळ-पाण्यात आंबवून झालेलं सौम्य आम्ल. जुन्या मोझॅकमध्येही संगमरवराचे तुकडे असतात. या फरशांना साधं पाणी आणि चमचाभर साबणाचा चुरा पुरतो. गेलेली चमक पॉलिश केल्यावाचून परत येत नाही.

सिरॅमिक टाइल, स्टीलचं सिंक, कमोड यांना बायोएन्झाइम चांगलं. माप १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, एक लिटर पाणी. दोन लिटरच्या प्लास्टिकच्या डब्यात भरा. काचेची बरणी वायूच्या दाबाने फुटू शकते. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडा, मग आठवड्याला एकदा, तीन महिन्यांनी गाळा. पांढरा पापुद्रा आला तर हरकत नाही. काळी किंवा हिरवी बुरशी आली तर साली पाण्यावर तरंगत होत्या. बुरशी काढून टाका, थोडा गूळ वाढवा आणि साली बुडतील असं वजन ठेवा. पुसायला एक भाग द्रावण, दहा भाग पाणी. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचच्या द्रावणाशी ते कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. आणि हे जंतुनाशक नव्हे. घरात आजारपण असेल तेव्हा त्याच्यावर विसंबू नका.

प्रश्न : ‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या कॅरीबॅग खताच्या बादलीत टाकल्या, पाच महिने झाले तरी जशाच्या तशा आहेत. फसवणूक आहे का? (कल्याण)

पिशवी खरी असेल तरी घरच्या बादलीत ती विरघळणार नाही. तिची चाचणी मोठ्या खतप्रकल्पातल्या सुमारे ५८ अंश तापमानाला होते, तुमची बादली ३५-४० च्या वर जात नाही. अशा पिशव्या सुक्या प्लास्टिकमध्येही देऊ नका, पुनर्वापराचा माल त्यांनी खराब होतो. कापडी पिशवी न्या, आणि डब्याला आतून वर्तमानपत्र लावा.

प्रश्न : दुधाच्या पिशव्या धुऊन ठेवते, पण भंगारवाले घेत नाहीत. (अकोला)

ओल्या आणि वासाच्या असतील तर घेत नाहीत. पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण वेगळा करू नका, लटकता ठेवा. सुटा तुकडा इतका लहान असतो की तो कुणीच वेचत नाही आणि थेट गटारात जातो. रिकाम्या पिशवीत थोडं पाणी घालून हलवा, ते पाणी झाडाला द्या, मग पिशवी एका बाजूने उभी कापून सपाट करा आणि दोरीवर वाळवा. किलोभर साठल्यावर द्या. वेफर्स आणि बिस्किटांची चकचकीत पाकिटं त्यात मिसळू नका. त्यांत प्लास्टिक आणि धातूचे थर चिकटलेले असतात, त्यांना भंगारात भाव नाही. ती वेगळ्या पिशवीत सुक्या कचऱ्यात द्या.

प्रश्न : आखाड तळला, कापण्या-पुऱ्या झाल्या. उरलेलं अर्धा किलो काळपट तेल खतात घालू का? (सातारा)

नको. तेल कणांवर थर धरतं आणि हवा बंद करतं. सिंकमध्येही ओतू नका, पाइपात थिजून साबणाच्या मळाबरोबर घट्ट बसतं. थोडं असेल तर वर्तमानपत्रात शोषून सुक्या कचऱ्यात द्या.

अर्धा किलोचा भांड्यांचा साबण होतो, पण मापं ग्रॅमच्या काट्यावर घ्यावी लागतात आणि मुलांना लांब ठेवावं लागतं. तेल कापडातून गाळून नेमकं ५०० ग्रॅम घ्या. शेंगदाणा, सूर्यफूल किंवा सोयाबीन तेलाला कॉस्टिक सोडा ६४ ग्रॅम आणि पाणी १७० मिलिलिटर. खोबरेल तेलाला हे माप लागू नाही. चष्मा आणि रबरी हातमोजे घालून, खिडकी उघडून, सोडा थोडा थोडा पाण्यात घाला. सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही, उसळतं. भांडं स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं घ्या; ॲल्युमिनियम सोड्याने झिजतं आणि पेट घेणारा हायड्रोजन सुटतो. द्रावण कोमट झालं की तेलात धार धरून ओता आणि ढवळत राहा. हाताने पाऊण-एक तास लागतो. चमच्यातून पडलेली धार पृष्ठभागावर क्षणभर दिसत राहिली की साच्यात ओता. ही तेलं मऊ साबण देतात, त्यामुळे वडी कापायला दोन-तीन दिवस थांबा. नंतर हवेशीर जागी पाच-सहा आठवडे वाळवा, त्याआधी वापरू नका. आठवड्यानंतरही वर तेल तरंगत असेल तर सोडा कमी पडला किंवा ढवळणं अर्धवट राहिलं. पांढरे कडक खडे दिसले तर तिथे सोडा न विरघळता राहिला आहे; ती वडी हाताला लावू नका, पूर्ण टाकून द्या.

पावसाळ्यात वड्या वाळायला वेळ लागतो. तेल बरणीत झाकून ठेवलंत आणि साबण नवरात्रानंतर केलात तरी चालेल.